ऑइल फिल्टरचा अडॅप्टर: डबा नवा, कागद तोच

होंडा सीबी ७५० ही चार सिलिंडरची मोटरसायकल १९६९ साली बाजारात आली. तिच्या इंजिनाच्या पुढच्या अंगाला, एक्झॉस्टच्या चार नळ्यांच्या मधोमध, पंख्यांसारख्या कडा असलेली अ‍ॅल्युमिनियमची एक वाटी दिसते. वाटीच्या पोटात कागदी फिल्टर बसतो आणि मधून जाणारा एकच लांब पोकळ बोल्ट सगळं इंजिनाला आवळून धरतो. या बोल्टचं डोकं लहान. पन्नास वर्षांत किती जणांनी किती तऱ्हेच्या पान्यांनी ते आवळलं असेल याचा हिशेब नाही, पण परिणाम ठरलेला असतो: कोपरे झिजतात, पाना घसरतो आणि ऑइल बदलण्याचं साधं काम छिन्नी-हातोडीवर येतं. इथेच अडॅप्टर पुढे येतो. मूळ वाटी काढून टाकायची, तिच्या जागी घडवलेल्या अ‍ॅल्युमिनियमची एक चकती बसवायची आणि तिच्यावर आजच्या मोटारींना लागतो तसा, हाताने फिरवून बसणारा डबा-फिल्टर लावायचा. जाहिरातीत दोन गोष्टी एका दमात सांगितलेल्या असतात. एक, काम सोपं होतं. दोन, इंजिन जास्त चांगलं राखलं जातं. पहिली बऱ्याच अंशी खरी आहे. दुसरी तशी नाही, आणि पैसे मात्र बहुतेकदा दुसरीच्या भरवशावर खर्च होतात.

फिल्टरचं काम काय, ते आधी पाहू. सीबी ७५० च्या क्रँकशाफ्टला साधी बेअरिंग आहेत, म्हणजे गोळ्या किंवा रोलर नसलेले मऊ धातूचे अर्धगोल पत्रे. शाफ्ट आणि पत्रा यांच्यामध्ये फक्त दाबाखालच्या ऑइलचा थर असतो आणि इंजिन चालू असताना तो काही मायक्रॉन इतकाच जाड राहतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. नुसत्या डोळ्यांनी ४० मायक्रॉनच्या खालचं काही दिसत नाही. म्हणजे बेअरिंगला ओरखडणारा कण हा मुळात न दिसणारा असतो. ऑइलच्या थराहून मोठा कण आत शिरला तर तो मऊ पत्र्यात रुततो किंवा शाफ्टला घासत जातो. त्याहून फार लहान कण ऑइलबरोबर वाहून निघून जातात. ५ ते २० मायक्रॉनांच्या दरम्यानचे कण खरे नडतात, आणि फिल्टरची परीक्षा व्हायची ती इथेच.

ही परीक्षा घेण्याची पद्धत ठरलेली आहे. आयएसओ ४५४८ या मानकाच्या बाराव्या भागात फिल्टरमधून धूळमिश्रित ऑइल पुन्हापुन्हा फिरवतात आणि कोणत्या आकाराचे किती कण अडले ते मोजतात. सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सने १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधाचा या विषयात सर्रास दाखला दिला जातो. त्यात ४० मायक्रॉनांच्या फिल्टरशी तुलना करता ३० मायक्रॉनांच्या फिल्टरने इंजिनाची झीज निम्म्यावर आली आणि १५ मायक्रॉनांच्या फिल्टरने सुमारे ७० टक्क्यांनी घटली असं दाखवलं होतं. हे आकडे मुद्दाम धूळ घालून केलेल्या जलद चाचण्यांतले आहेत, तेव्हा रस्त्यावरच्या गाडीची झीजही तेवढीच घटेल असं समजू नये. पण दिशा स्पष्ट आहे. झीज कमी-जास्त होते ती कागदाच्या विणीमुळे, त्याच्या क्षेत्रफळामुळे आणि त्याच्या कडा किती घट्ट बसल्या आहेत यामुळे. कागद वाटीत आहे की डब्यात, याला या चाचण्यांत काहीच स्थान नाही. गाळणीची दांडी बदलली म्हणून चहा बारीक गाळला जात नाही.

यावर लगेच येणारा आक्षेप असा: जुन्या वाटीत जुना कागद, नव्या डब्यात नवा कागद, मग फरक पडणारच. वरवर पटण्यासारखं आहे, पण त्यामागे गृहीत धरलेली गोष्ट चुकीची आहे. वाटीत बसणारा फिल्टर १९६९ सालचा नसतो. त्याच मापाचा कागदी फिल्टर त्या काळातल्या होंडाच्या अनेक गाड्यांना आणि कावासाकीच्याही काही गाड्यांना चालतो, त्यामुळे तो आजही नव्याने बनतो आणि सहज मिळतो. उलट मोटरसायकलच्या पुढच्या चाकामागच्या अपुऱ्या जागेत बसावा म्हणून अडॅप्टरवर लावला जाणारा डबा बहुधा आखूडच असतो, त्यामुळे कागदाचं क्षेत्रफळ वाढलंच असं नाही. कुणी मोठा डबा लावला तर मळ सामावून घेण्याची क्षमता वाढेल, हे मान्य. पण ती क्षमता भरून जाईपर्यंत सीबी ७५० चं ऑइल ठेवायचंच नसतं. या इंजिनात क्लच आणि गिअर त्याच ऑइलमध्ये फिरतात. गिअरचे दात ऑइलचे रेणू कापत जातात, क्लचचा चुरा त्यात मिसळतो, आणि फिल्टर भरण्याच्या कितीतरी आधी ऑइलच थकतं.

आता ज्या गोष्टीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही तिच्याकडे येऊ. सगळं ऑइल ज्याच्यातून जातं अशा प्रत्येक फिल्टरला एक आडवाट लागते. थंडीत सकाळी ऑइल घट्ट असतं, किंवा कागद मळाने तुंबलेला असतो, तेव्हा पंप ढकलतो तेवढं ऑइल कागदातून जाऊ शकत नाही. कागदाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक वाढत जातो. तो साधारण अर्धा ते दीड बारच्या दरम्यान, त्या इंजिनासाठी ठरवलेल्या आकड्याला पोहोचला की स्प्रिंगचा एक व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट बेअरिंगकडे जातं. मळकट ऑइल वाईट खरं, पण ऑइलच नसणं त्याहून कितीतरी वाईट. मळाने बेअरिंग हजारो किलोमीटरांत झिजतं, ऑइलशिवाय काही क्षणांत जळतं. सीबी ७५० मध्ये हा व्हॉल्व्ह वाटीत नाही, इंजिनातही नाही. तो त्या लांब पोकळ बोल्टच्या पोटात आहे. म्हणजे कोपरे झिजलेला तो कटकटीचा बोल्ट फेकून द्यायचा म्हणजे त्याच्याबरोबर इंजिनाची आडवाटही फेकून द्यायची. अडॅप्टरबरोबर येणारा नवा बोल्ट नुसता पोकळ असेल, तर व्हॉल्व्ह कुठे आहे याचं उत्तर आता डब्यात शोधावं लागतं.

आणि डब्यात तो असेलच असं नाही. बऱ्याच गाड्यांत हा आडवाटेचा, म्हणजे बायपास व्हॉल्व्ह इंजिनाच्या अंगातच दिलेला असतो, म्हणून त्यांच्या डब्यात तो घालत नाहीत. दोन डबे शेजारी ठेवले तर व्यास तोच, रबरी पॅकिंग तेच, आटे तेच, फक्त एकाच्या पोटात स्प्रिंग आहे आणि दुसऱ्याच्या नाही. दुकानदार आटे जुळवून डबा देतो. स्प्रिंग जुळवून कुणी देत नाही. अडॅप्टर विकणारे भरवशाचे लोक कोणता डबा वापरायचा ते नेमकं सांगतात. पण गाडी दोन-तीन हातांतून फिरली की ती माहिती हरवते आणि पुढचा मालक जो बसेल तो डबा लावतो. मूळ वाटीत ही चूक करायला वावच नव्हता, कारण व्हॉल्व्ह गाडीबरोबर राहत होता, फिल्टरबरोबर जात-येत नव्हता.

आट्यांचीही अशीच गंमत आहे, आणि ती जास्त घातक आहे. जगातल्या असंख्य डबा-फिल्टरांना दोनपैकी एका मापाचे आटे असतात: मेट्रिक मापात २० मिलिमीटर व्यास आणि दीड मिलिमीटर अंतर, किंवा इंची मापात पाऊण इंच व्यास आणि इंचाला १६ आटे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, आणि इंचाला १६ म्हणजे १.५९ मिलिमीटर अंतर. दोन्ही मापं इतकी जवळ की २० मिलिमीटरचा डबा पाऊण इंची नळीवर फिरत जातो, पॅकिंगला टेकतो आणि आवळल्यासारखाही वाटतो. प्रत्यक्षात आट्यांची पकड नावापुरती असते. थंड ऑइलचा दाब चढला की असा डबा उडू शकतो, आणि मोटरसायकलवर तो उडाला की सगळं ऑइल मागच्या चाकाखाली. होंडाचे मूळ डबे २० मिलिमीटरचे. अडॅप्टर मात्र बनवणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे कोणत्याही मापाचा असू शकतो. होंडाची गाडी आहे म्हणून होंडाचा डबा आणणारा माणूस अगदी तर्कशुद्ध विचार करून खड्ड्यात पडतो.

हे सारं वाचून कुणी म्हणेल, की मूळ वाटी तरी कुठे निर्दोष आहे? नाहीच. वाटीत फिल्टरखाली एक स्प्रिंग असते, तिच्यावर एक वायसर असतो, आणि ही जोडी फिल्टरला वर दाबून धरते. जुना फिल्टर काढताना वायसर त्याला चिकटून येतो आणि बरोबर कचऱ्यात जातो. मग पुढच्या वेळी स्प्रिंग थेट फिल्टरच्या रबरात घुसते, फिल्टर तिरका बसतो आणि ऑइल कागदाला वळसा घालून मोकळं निघून जातं. बाहेरून काही कळत नाही, दिवा लागत नाही, गळती नसते. ओ-रिंगचंही तसंच. जुनी खाचेत चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसवली की कधीतरी ती दाबाने बाहेर येणार. अडॅप्टरच्या बाजूने बोलायचं तर यात तथ्य आहे: वाटीत सुटे भाग चार-पाच, डब्यात एक. ज्याच्या हाती काम आहे तो निष्काळजी असेल तर सुटे भाग जितके कमी तितकं बरं. पण मग हा युक्तिवाद माणसाच्या हाताबद्दल आहे, गाळण्याबद्दल नाही, आणि अडॅप्टरची किंमत त्याच तराजूत तोलायला हवी. हरवलेल्या वायसरच्या जागी नवा वायसर आणि जरा मोठ्या डोक्याचा नवा बोल्ट हेही त्याच कटकटीवरचं औषध आहे, अडॅप्टरच्या किमतीच्या छोट्याशा भागात मिळतं, आणि व्हॉल्व्ह जागच्या जागी राहतो. फक्त बोल्ट घेताना त्याच्या पोटात व्हॉल्व्ह आहे याची खात्री करायची.

अडॅप्टर म्हणजे सरसकट फसवणूक, असा मात्र याचा अर्थ नाही. त्याची बाजू सर्वांत भक्कम कुठे ठरते, तर फोक्सवॅगन बीटलमध्ये. या गाडीच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनात कागदी फिल्टरच नव्हता. खाली तारेची एक जाळी होती, ती खडे आणि पॅकिंगचे तुकडे अडवायची, बस्स. क्रँकशाफ्टला बेअरिंग साधी, ऑइल जेमतेम अडीच लिटर, आणि या उणिवेवर कारखान्याचा उपाय एकच, दर ५,००० किलोमीटरला ऑइल बदला. इथे बाहेरून फिल्टर जोडल्याने पडणारा फरक डब्याचा नसतो, असण्या-नसण्याचा असतो. पंपातून निघणारं ऑइल नळीने बाहेर काढायचं, दूर बसवलेल्या डब्यातून गाळायचं आणि इंजिनाच्या मुख्य वाहिनीत परत सोडायचं, असे जोडसंच जगभर कित्येक दशकं विकले जात आहेत. खुद्द फोक्सवॅगननेही मेक्सिकोत बनणाऱ्या बीटलला १९९० च्या दशकात फिल्टर दिला. २००३ साली पुएब्लात शेवटची बीटल बाहेर पडली तेव्हा निव्वळ जाळीवर भागवण्याचा जमाना कारखान्याच्या लेखीही संपलेला होता. पण इथेही जोखीम फुकट टळत नाही. परतीच्या नळीसाठी इंजिनाच्या मॅग्नेशियमच्या अंगात भोक पाडून आटे मारावे लागतात. इंजिन पूर्ण न उघडता हे काम केलं आणि धातूचा कीस वाहिनीत राहिला, तर ज्या बेअरिंगसाठी हा खटाटोप त्याचीच पहिल्या फेरीत वाट लागते. शिवाय नळ्यांचे चार जोड म्हणजे गळतीच्या चार नव्या जागा.

बीटलवरून कुणी असा निष्कर्ष काढेल की ज्या इंजिनात कागदी फिल्टर नाही त्या प्रत्येकाला तो बाहेरून जोडावा. या समजाला उत्तर आपल्या रस्त्यांवर रोज धावतं. हिरो होंडाची सीडी १०० १९८५ साली आली, स्प्लेंडर १९९४ साली. या इंजिनांत कागदी फिल्टर नाही. एक जाळी आहे, आणि क्रँकशाफ्टच्या टोकाला गरगर फिरणारी एक बंद वाटी आहे. ऑइल तिच्यातून जाताना जड कण बाहेरच्या भिंतीला जाऊन चिकटतात आणि स्वच्छ ऑइल मधून पुढे जातं. शेतावर, दूधवाटपात, गावोगावच्या फिरस्तीत या गाड्या लाखभर किलोमीटर इंजिन न उघडता चाललेल्या सहज सापडतात. याचं रहस्य फक्त त्या वाटीत नाही. या इंजिनाच्या क्रँकला बॉल आणि रोलर बेअरिंग आहेत, त्यांना ऑइलचा पातळ थर दाबाखाली अखंड धरून ठेवावा लागत नाही. साध्या बेअरिंगला जो कण ओरखडा काढेल तो रोलर बेअरिंग बऱ्यापैकी पचवतं. होंडाने स्वतः हाच भेद पाळला: रोलर बेअरिंगच्या जुन्या दोन सिलिंडरच्या सीबी ३५० ला फिरती वाटी दिली आणि साध्या बेअरिंगच्या सीबी ७५० ला कागद. तेव्हा स्प्लेंडरला कुणी बाहेरून फिल्टर जोडून देतो म्हणाला तर त्याला आधी एकच विचारावं, की फिरत्या वाटीचं झाकण शेवटचं कधी उघडून पुसलं होतं. बहुतेक गाड्यांत या प्रश्नाला उत्तर नसतं, आणि फायदा मात्र तिथेच पडून असतो.

दुसऱ्या टोकाला आहेत पोर्शच्या बॉक्सस्टर आणि ९११ या गाड्यांत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेली एम९६ इंजिनं. त्यांतल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग फुटतं, त्याचा धातूचा चुरा सगळ्या इंजिनात पसरतो, आणि ही भीती मालकांच्या मनात इतकी घर करून आहे की तिच्यावर उपाय म्हणून अडॅप्टर विकले जातात. त्यांचा दावा उलट दिशेचा आहे: मूळ प्लॅस्टिकच्या वाटीतला बायपास व्हॉल्व्ह आम्ही बाद करतो, म्हणजे न गाळलेला थेंबही पुढे जाणार नाही. या दाव्यात तर्क आहे, पण तो अर्धा आहे. बायपास बाद केला आणि डब्यातही व्हॉल्व्ह नसला, तर घट्ट ऑइलच्या दाबाखाली कागद फाटण्याचा किंवा बेअरिंग कोरडं पडण्याचा धोका पत्करला. डब्यात व्हॉल्व्ह असला, तर बायपास बाद कुठे झाला? तो फक्त जागा बदलून बसला. एवढं मात्र खरं, की व्हॉल्व्ह डब्यात कोणत्या टोकाला आहे याने थोडा फरक पडतो. तो आट्यांच्या बाजूला असेल तर आडवाटेने जाणारं ऑइल कागदावर साचलेला मळ धुऊन नेत नाही. बुडाशी असेल तर नेऊ शकतं. हा फायदा खरा आहे आणि छोटा आहे. आणि बेअरिंग फुटायला लागल्यावर कोणताही फिल्टर ते थांबवत नाही. तो फार तर बाकीच्या इंजिनाला थोडा वेळ मिळवून देतो.

त्या वेळेचा उपयोग करायचा तर बिघाड लवकर कळला पाहिजे, आणि या कामात सुटा कागदी फिल्टर डब्याच्या बराच पुढे आहे. वाटीतून काढलेला कागद घड्या पसरून उन्हात धरला की चकाकणारे कण लगेच दिसतात. लोहचुंबक फिरवला की लोखंड कोणतं आणि बेअरिंगचा पांढरा धातू कोणता तेही समजतं. डब्याचं पोट पाहायचं तर तो कापावा लागतो, आणि कापायचं खास हत्यार नसलं तर करवतीचा कीस आत पडून तपासणीच वाया जाते. जवळजवळ कुणीच कापत नाही, डबा तसाच फेकला जातो. फेकतानाही त्यात मूठभर ऑइल आणि पत्र्याचं एक पूर्ण भांडं जातं. भारतात वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं. डबा-फिल्टर १९५० च्या दशकात आला आणि पुढे बहुतेक मोटारींवर बसला. तरी युरोपातल्या आणि मग जपानमधल्याही अनेक कारखान्यांनी गेल्या काही दशकांत त्याला सोडून पुन्हा वाटी आणि सुटा कागद धरला. ते कचऱ्याच्याच हिशेबाने. वाटीच्या जागी डबा लावणारा अडॅप्टर या प्रवाहाच्या उलट जातो. त्यात वावगं काही नाही, पण ‘आधुनिक’ हे विशेषण त्याला लावताना जरा जपून.

इंजिन आणि फिल्टर यांच्या मध्ये बसणारे, कूलरसाठी किंवा मोजमापाच्या काट्यासाठी ऑइल बाहेर काढणारे अडॅप्टर हा निराळा प्रकार आहे. त्यांच्यात घेतलेल्या पैशांचं काही तरी नवं मिळतं: ऑइलचं तापमान कमी होतं, किंवा दाब डोळ्यांना दिसतो. त्यांची किंमत त्या कामावर ठरावी.

राहिली ती सीबी ७५०. वाटी शाबूत असेल, बोल्टच्या पोटातला व्हॉल्व्ह मोकळा उघडत-मिटत असेल, स्प्रिंग आणि वायसर जागेवर असतील, तर अडॅप्टरवर पैसे घालू नयेत. त्याच पैशात ऑइलच्या आणि कागदी फिल्टरच्या जास्तीच्या एक-दोन बदल्या निघतात आणि त्यांनी इंजिनाचं जे भलं होईल ते चकतीने होणार नाही. वाटीच तडकलेली असेल, बोल्ट अडकून मोडला असेल आणि मूळ भाग वाजवी दरात मिळत नसतील, तर अडॅप्टर घ्यावा. घेताना नळीच्या आट्यांचं माप अडॅप्टरवरच कोरून ठेवावं आणि डबा अंगचा बायपास व्हॉल्व्ह असलेलाच लावावा. बसवल्यावर पुढची फोर्क पूर्ण दाबून चाक आणि डबा यांत किती जागा उरते ते पाहावं, हँडल दोन्ही बाजूंना वळवून पाहावं, आणि डबा एक्झॉस्टच्या नळ्यांना टेकत नाही याची खात्री करावी. इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियममधले आटे आधीच सैल झालेले असतील, तर अडॅप्टरचा बोल्टही त्याच आट्यांत जाणार आहे. तिथे आधी आट्यांची नवी गुंडाळी बसवून घ्यावी लागेल, आणि ती बसली की बहुतेकदा जुनी वाटीही पुन्हा नीट बसते.